टाळेबंदीत सुटलेले चालणे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टाळेबंदीत वाढलेल्या वजनांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. घरोघरी रोज नवे पदार्थ झाले म्हणून माणसे सुटली, असा त्याचा सूर आहे. वाचून वाईट वाटले. ते पदार्थ रांधणाऱ्यांतली मी एक. दोष सरळ स्वयंपाकघरावर टाकणे मला पटत नाही.

२५ मार्च २०२० ला सगळे बंद झाले तेव्हा माझे वजन ६१ किलो होते. दिवाळीत ते ७० भरले. खाणे वाढले होते, खरेच आहे. यजमान आणि मुलगी दिवसभर घरी, चार वाजले की सेव-उसळ नाहीतर भजी, रात्री बारापर्यंत टीव्ही. पण नंतर मी त्या महिन्यांचा हिशेब मांडला, तेव्हा काय खाल्ले यापेक्षा काय सुटले हेच जास्त निघाले. बडोद्यातल्या आमच्या दांडिया बाजारातून भाजीसाठी खंडेराव मार्केटला पायी जाणे सुटले. संध्याकाळची सूरसागर तलावाची फेरी सुटली, एकादशीचे मांडवीपाशी विठ्ठलाचे दर्शन सुटले. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. दिवसातून चार-पाच वेळा जिना व्हायचा, तोही सुटला. यातल्या कशालाही मी कधी व्यायाम म्हटले नव्हते. भाजीची लारी दाराशी येऊ लागली, किराणा फोनवर. जूनमध्ये मुलगा पुण्याहून आला, दारावर विलगीकरणाचा कागद लागला, आणि १४ दिवस तर आम्ही उंबराही ओलांडला नाही.

त्या वर्षी नवरात्रात मैदानांवर गरबे झाले नाहीत. बडोद्यात वाढलेल्या बाईला ते किती लागले, हे मी लिहून सांगू शकत नाही. पन्नाशी उलटली तरी मी नऊही रात्री खेळत असे.

जानेवारीत रक्त तपासले तर साखर हद्दीवर. डॉक्टरांनी वजनकाट्याआधी टेप काढली. आपल्याकडच्या बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषांची ९० च्या पुढे गेली की मधुमेहाची भीती वाढते, असे त्यांनी सांगितले. माझी ९१ होती. जेवणानंतर रक्तात उतरणारी साखर मोठ्या प्रमाणात स्नायू उचलतात. ते नुसते बसून राहिले की हे काम मंदावते. जेवून उठल्यावर दहा-पंधरा मिनिटे चालायला त्यांनी सांगितले. मी घरातल्या घरात, गॅलरी ते देवघर, चालू लागले. पुढच्या दीड वर्षात सहा किलो उतरले. पोळी-भात सोडला नाही, चारची भजी मात्र सोडली.

माझी खरी काळजी पुढे आहे. साथ ओसरली, पण तेव्हा जडलेल्या सवयी राहिल्या. आमच्या इमारतीत कोथिंबिरीची जुडीसुद्धा फोनवर मागवली जाते. मुलगी आठवड्यातून तीन दिवस अजून घरूनच काम करते आणि सकाळी नऊला बसली की जेवायलाच उठते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे चालण्यासारखी हालचाल सांगते, म्हणजे रोजची वीस-बावीस मिनिटे. पूर्वी आमचा तेवढा वेळ भाजी आणण्यातच जायचा.

महापालिकेला माझे सांगणे एवढेच, की जुन्या शहरातले पदपथ मोकळे करा. दुचाकी लावलेल्या असतात, म्हणून म्हाताऱ्या माणसांना रस्त्यावर उतरून चालावे लागते, आणि मग ती घराबाहेर पडायलाच भितात. दुसरे सांगणे तालमींना. हे गाव जुम्मादादा आणि राजरत्न माणिकराव या व्यायामगुरूंचे. सयाजीराव महाराजांच्या काळापासून इथे व्यायामाला मान आहे. ज्या तालमींत अजून बायकांसाठी वेळ ठेवलेली नाही, त्यांनी दुपारी बारा ते तीन ठेवावी. सकाळी डबे असतात, संध्याकाळी स्वयंपाक असतो, तेवढीच काय ती आम्हाला उसंत.

आणि आपण या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा तळणीच्या कढईचा फोटो नको. आमच्या गल्लीतल्या पदपथाचा छापा. छायाचित्रकाराला दाखवायला मी स्वतः येईन.

आपली,
एक वाचक
दांडिया बाजार, बडोदे