मान ज्यांच्या हाती, त्यांचे आभार

रक्तदाबावरच्या अभ्यासात सामील झालेल्या लॉस एंजेलिसमधल्या त्या ५२ सलूनांतल्या कारागिरांनो, तुमची नावं ठाऊक नाहीत, तरी मनापासून आभार. कृष्णवर्णीय पुरुषांचा वाढलेला रक्तदाब बऱ्याचदा दवाखान्यापर्यंत पोचतच नाही. डॉक्टरवर भरवसा नसेल, पण वर्षानुवर्षं ज्याच्या वस्तऱ्याखाली मान दिली त्याच्यावर असतोच! तुमच्यातले काहीजण गिऱ्हाइकाला म्हणालात, जरा यांना भेट. सलूनमध्येच फार्मासिस्ट, दंडाला पट्टा, तिथंच औषधाची चिठ्ठी. सहा महिन्यांत वरचा आकडा सरासरी २७ ने उतरला. २०१८ साली निष्कर्ष छापून आले, संशोधकांचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. बाकीच्या सलूनांत फार्मासिस्ट नव्हता, तिथं आकडा साधारण ९ नेच उतरला. तरी 'डॉक्टरकडे जा' म्हणून मागे लागलात, तुमचेही आभार.