मार्चअखेरचं नवं-जुनं आणि बिनव्याजी पीककर्ज

संपादक महोदय,
स. न.

मार्च संपत आला की आपल्या जिल्हा पानावर पीककर्ज वसुलीच्या बातम्या सुरू होतात. अमक्या बँकेची वसुली इतके टक्के, तमक्या गावची सहकारी सोसायटी शंभर टक्के. मी वाशीम जिल्ह्यात कारंजा तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावात राहते. घरची साडेचार एकर शेती आहे, सोयाबीन आणि त्यात तूर. शिवाय बायकांच्या बचतगटांसाठीच्या सरकारी उमेद अभियानात गावातल्या गटांची सीआरपी, म्हणजे गटांना मदत करणारी गावातलीच कार्यकर्ती, म्हणून काम करते, त्यामुळे गटाच्या खात्यांसाठी बँकेत सारखं जाणं-येणं असतं. वसुलीच्या त्या टक्केवारीतला पैसा खरा कुठून येतो, हे कुणीतरी लिहायला हवं, म्हणून हे पत्र.

शहरातल्या वाचकांसाठी आधी थोडं सांगते. मागच्या खरिपाला उचललेलं पीककर्ज मार्चअखेर मुद्दलासकट भरायचं, खातं निल करायचं आणि मग त्याच सातबाऱ्यावर पुन्हा नवीन कर्ज उचलायचं, याला आमच्याकडे नवं-जुनं करणं म्हणतात. भरणा आणि नवीन उचल यांच्यामध्ये कधी चार दिवस जातात, कधी तीन आठवडे. तेवढ्यासाठी लाख-सव्वा लाख रुपये रोख उभे करावे लागतात. कोरडवाहू शेतकऱ्याकडे मार्चमध्ये एवढी रोकड नसते. सोयाबीन दिवाळीच्या आसपासच विकून झालेलं असतं. कृषी केंद्रवाल्याची बियाण्या-खताची उधारी, मळणीवाल्याचे पैसे, सोंगणीची मजुरी, पोरांची फी, हे सगळे त्याच पैशावर डोळा ठेवून असतात. सरकारने २०२५-२६ साठी सोयाबीनला क्विंटलला ५,३२८ रुपये हमीभाव जाहीर केला. पण आवक सुरू झाली की ओलावा आहे, माल डागी आहे असं सांगून बाजारात त्याहून बरंच खाली मागतात, आणि ज्याच्या घरी पोतं ठेवायला कोरडी जागा नाही तो देऊनही टाकतो. तुरीचे चार पैसे येतात, त्यात उन्हाळा निघतो.

मग मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बँकेसमोरच्या चहाच्या टपरीवर एक माणूस येऊन बसतो. जवळ रेक्झिनची पिशवी. तालुक्यात असे एकटे-दुकटे नाहीत. शेतकरी त्याला पासबुक आणि सही केलेली विड्रॉल स्लिप देतो, कोणी कोरा चेक देतो. तो स्वतः भरण्याची स्लिप लिहितो, शेतकऱ्याच्या मागे रांगेत उभा राहतो, कॅशियरसमोर नोटा मोजून देतो आणि शिक्का मारलेली पावती स्वतःच्या खिशात घालतो. नवीन कर्ज खात्यात पडलं की पुन्हा तोच माणूस शेतकऱ्याला घेऊन काउंटरवर येतो, आपलं मुद्दल आणि वरची रक्कम काढून घेतो, आणि त्यानंतर पासबुक परत देतो. भाव ठरलेला आहे, शंभराला तीन. दहा दिवस लागले तरी तीन, पंचवीस दिवस लागले तरी तीन. महिना उलटला की पुन्हा तीन.

आमच्या घराचाच हिशोब मांडते. पीककर्ज एक लाख दहा हजारांचं. वेळेत फेडणाऱ्याला केंद्राची तीन टक्के सवलत आहे आणि वर राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना आहे, त्यामुळे २०२१-२२ पासून तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज शून्य टक्क्याने मिळतं. योजना चांगली आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण शून्य टक्क्यासाठी ‘वेळेत फेड’ दाखवायला दहा दिवसांचे ३,३०० रुपये बाहेर मोजावे लागतात. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ साली आला. त्याखाली शेतकऱ्याला बिनतारण कर्ज द्यायचं तर परवानाधारक सावकाराला वर्षाला १२ टक्क्यांपर्यंतच व्याज घेता येतं. त्या दराने एक लाख दहा हजारांचं दहा दिवसांचं व्याज होतं सुमारे ३६० रुपये. टपरीवरच्या माणसाकडे ना परवाना, ना पावती, आणि तो नऊपट घेतो. हे ३,३०० रुपये कुठल्याही सरकारी कागदावर येत नाहीत. बँकेच्या पुस्तकात आमचं कर्ज बिनव्याजीच राहतं.

ज्यांना टपरीवर जायची लाज वाटते ते सोनं गहाण ठेवतात, आणि ते सोनं बाईचं असतं. पोत, कानातले, लेकीच्या बारशाला माहेरून आलेले वाळे, सगळं पुडीत बांधून मार्चमध्ये सोनेतारणवाल्याकडे जातं. आमच्या गटातल्या एकीची एकदाणी दरवर्षी मार्चमध्ये जाते आणि पेरणीच्या आधी सुटून येते. एका वर्षी पावसाने दगा दिला, मुदत गेली, लिलावाची नोटीस आली. तिने ती सोडवायला गटाकडून दरमहा दोन टक्क्यांनी पैसे घेतले. सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. बँकेत पीककर्जाच्या कागदावर तिची सही लागत नाही. पण ते कर्ज नियमित ठेवायला तिचा दागिना आणि गटातली तिची पत लागते. पीककर्ज म्हटलं की सगळे शेतकरी दादांविषयीच बोलतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

यातून बँकेच्या पुस्तकात काय नोंद होतं, तेही बघा. नवं-जुनं करणारा माणूस कागदावर नियमित कर्जदार. २०१७ ची कर्जमाफी आली, ती मुख्यतः थकीतदारांसाठी. २०१९ मध्ये महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजना आली, दोन लाखांपर्यंतची, तीही थकीत कर्जांसाठी. नियमित भरणाऱ्यांना पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन द्यायचं ठरलं, ते हातात पडायला २०२२ उजाडलं. ज्याची माफी झाली त्याला ती खरोखर लागत होती, मी कुणाच्या ताटातलं ओढत नाही. पण उसनवारी करून, दागिने मोडून ज्याने खातं निल ठेवलं, तो सुस्थितीतला आहे असा समज सरकारने करून घेतला. तो कर्जातच होता. फक्त त्याचं कर्ज बँकेच्या पुस्तकातून उठून टपरीवरच्या माणसाच्या वहीत गेलं होतं.

बँकेतले लोक वाईट आहेत असं मी म्हणत नाही. आमच्या शाखेत शेतीचं काम बघणारा एकच अधिकारी आहे आणि गावं पुष्कळ. त्याला विचारलं, व्याज भरून घ्या आणि मुद्दलाचं नूतनीकरण करा ना. तो म्हणाला, “ताई, मी समजतो, पण सिस्टीम घेत नाही. पहिले भरा, मंग पाहू.” दुसरं कारण सांगतात ते असं की, जुनं कर्ज नुसतं कागदावर फेडून नवं दाखवलेलं रिझर्व्ह बँकेला चालत नाही. मग आज चालतं ते काय आहे? आजही जुनं कर्ज नव्या कर्जातूनच फिटतं. मध्ये एक माणूस तीन टक्के काढून घेतो, एवढाच फरक.

आणि नियम वाटतात तितके कडक नाहीत. पीककर्ज ज्यावर मिळतं त्या किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा पाच वर्षांसाठी मंजूर होते, दरवर्षी फक्त फेरतपासणी करायची असते. सोयाबीनसारख्या कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकल्यावर एनपीए, म्हणजे बुडीत जाऊ शकणारं कर्ज, धरतात, एक एप्रिलच्या सकाळी नव्हे. आणखी एक गोष्ट. आम्हाला गेल्या वर्षी पैसे जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात मिळाले, पेरणी सुरू झाल्यावर. मार्चअखेरपर्यंत पुरते दहा महिनेही होत नाहीत. उचलल्या दिवसापासून बारा महिने धरले तर मुदत जूनमध्ये येते. मग कोरडवाहू शेतकऱ्याला ३१ मार्चलाच उभं का करता?

सिबिलचं, म्हणजे आधीच्या कर्जफेडीवरून मिळणाऱ्या गुणांचं, तर दरवर्षीचंच आहे. खरिपाच्या तोंडावर राज्यस्तरीय बँकर्स समितीची बैठक होते, पीककर्जासाठी सिबिल मागू नका असं खुद्द मुख्यमंत्री बजावतात, आणि इकडे शाखेत पहिला प्रश्न सिबिलचाच असतो. ‘तुमचं गाव आमच्या शाखेला दत्तक नाही’ हेही अजून ऐकवतात, खरं तर गावं वाटून देण्याची ती सक्ती रिझर्व्ह बँकेने २००४ मध्येच सैल केली. आणि कर्जखातं थकलं की बचत खात्याला होल्ड, म्हणजे त्यातले पैसे काढता येत नाहीत. अतिवृष्टीचं अनुदान, पीकविमा, कधी घरच्या बाईच्या खात्यातले पैसेसुद्धा अडकतात. मदतीची रक्कम कर्जात वळती करू नका असे आदेश निघतात, पण होल्ड काढायला माणसालाच हेलपाटे घालावे लागतात.

१८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. पुढे १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला तो शेतकऱ्याची सावकारातून सुटका व्हावी म्हणून. गावोगाव सोसायट्या निघाल्या, जिल्हा बँका झाल्या, नंतर बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. एवढं सगळं उभं राहिलं असताना बँकेच्याच एका तारखेमुळे बँकेच्याच दारात सावकाराचा धंदा चालावा, याचं मला फार वाईट वाटतं.

माझी मागणी मोठी नाही, आणि तिला सरकारच्या तिजोरीतून पैसाही लागत नाही. ज्याचं खातं मागची वर्षं नियमित आहे आणि कर्ज तीन लाखांच्या आत आहे, त्याचे नवीन कर्जाचे कागद फेब्रुवारीतच घ्या. सातबारा, आठ-अ उतारा, बेबाकी म्हणजे कर्ज बाकी नसल्याचा दाखला, जे लागेल ते. मंजुरी तयार ठेवा. मग भरणा आणि उचल एकाच दिवशी, एकाच टेबलावर होऊ द्या. व्याज असेल ते शेतकरी रोख भरेल. मध्ये एक दिवसही गेला नाही तर टपरीवरच्या माणसाला काम उरणार नाही. हे तरी उद्यापासून करता येईल, त्याला नवा कायदा लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी जिल्हास्तरीय बँकर्स समितीत हा विषय घ्यावा आणि त्या बैठकीला गावातल्या एखाद-दोन बायकांनाही बोलवावं.

सहकार खात्याच्या सहाय्यक निबंधकांनी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आपला माणूस मोठ्या शाखांसमोर बसवावा. धंदा लपूनछपून चालत नाही, भर दुपारी चालतो.

आणखी एक, पणन मंडळाची शेतमाल तारण योजना. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवलं तर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सहा महिन्यांसाठी, सहा टक्के दराने. १९९० पासूनची योजना आहे. पण आमच्या गटातल्या बायकांना मी विचारलं तेव्हा बऱ्याच जणींनी नावही ऐकलं नव्हतं, आणि ज्यांनी ऐकलं होतं त्यांचं म्हणणं, पंधरा पोती न्यायला गाडीभाडं कोण देणार. गावातली सोसायटीच माल गोळा करून समितीत पोहोचवू शकते. ऑक्टोबरात पडेल भावात विकलेलं सोयाबीन फेब्रुवारीपर्यंत थांबलं, तर मार्चचा भरणा निदान अर्धा तरी घरच्या मालातून होईल.

आमच्या बचतगटांच्या नोंदवह्यांत मार्च महिन्यात अंतर्गत कर्ज एकदम वाढलेलं दिसतं. कारणाच्या रकान्यात ‘शेती’ किंवा ‘घरखर्च’ लिहिलेलं असतं, आणि एप्रिल-मेमध्ये ती रक्कम परत आलेली असते. बँकेच्या किंवा सहकार खात्याच्या कुणा अधिकाऱ्याला, किंवा आपल्या वार्ताहराला बघायचं असेल, तर गटातल्या बायकांना विचारून आणि नावं झाकून मी त्या दाखवायला तयार आहे.

आपली,
एक शेतकरी आणि बचतगट कार्यकर्ती
ता. कारंजा, जि. वाशीम
(नाव छापू नये, ही विनंती.)