जिम आणि सभागृहाच्या एसी, गीझर खरेदीबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती

विषय: एसी, गीझर व पंख्यांची खरेदी 'सर्वांत कमी दर' या एकाच निकषावर न करण्याबाबत.
संदर्भ: याच विषयावर पूर्वी दिलेली पत्रे. त्यांतील एकाचेही लेखी उत्तर मिळालेले नाही.

महोदय,

सप्रेम नमस्कार. नोटीस बोर्डावर लागलेली खरेदीची नोटीस वाचली. सभागृहासाठी दीड टनाचे तीन ५ स्टार एसी, जिमसाठी दीड टनाचे दोन ३ स्टार एसी, जिमच्या शॉवरसाठी २५ लिटरचा गीझर आणि वॉचमन केबिन व लॉबी मिळून सहा साधे पंखे, असे ठरलेले दिसते. खाली एकच ओळ आहे: 'प्रत्येक वस्तूत सर्वांत कमी दराचे कोटेशन मंजूर.' ही ओळ मा. खजिनदारांची आहे हे सगळ्या सोसायटीला कळते. मागे पाण्याचा पंप याच ओळीवर घेतला, इंटरकॉम याच ओळीवर घेतला, आणि दोन्हींचे पुढे काय झाले ते आपण जाणता. माझा आक्षेप कोणा व्यक्तीवर नाही, पद्धतीवर आहे. मात्र ती पद्धत एकाच व्यक्तीची आहे, हेही खरे.

मूळ मुद्दा हा की यादी उलटी झाली आहे. जे एसी रोज आठ तास चालणार ते ३ स्टार, आणि जे महिन्यातून दोन-चारदा चालू होणार ते ५ स्टार. सभागृहात पाहुणे येतात म्हणून तिथे भारी वस्तू हवी, असे सभेत सांगण्यात आले. पाहुण्यांना एसीवरचे स्टार दिसत नाहीत. वीजबिल मात्र आपल्याला दर महिन्याला दिसते.

हिशेब सरळ आहे. बीईई (स्टार रेटिंग ठरवणारी केंद्र सरकारची संस्था) हिच्या लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील तो आकडा छापलेला असतो आणि तो १,६०० तासांच्या वापरासाठी असतो. आलेल्या कोटेशनमध्ये ३ स्टार मॉडेलचा आकडा ९६५ युनिट आहे, ५ स्टारचा ७४५. फरक २२० युनिटचा. जिम सकाळी चार तास आणि संध्याकाळी चार तास चालते. वर्षाचे ३०० दिवस धरले तरी २,४०० तास होतात, म्हणजे फरक ३३० युनिटवर जातो. कॉमन मीटरच्या बिलात सगळे आकार धरून युनिट १२ रुपयांच्या आसपास पडते. एका एसीमागे वर्षाला ३,९६० रुपये झाले. दोन मॉडेलच्या किमतीत फरक आहे ९,००० रुपयांचा, तो सव्वादोन वर्षांत वसूल होतो. आता सभागृह. तिथे वर्षाला १५० तासांवर एसी चालत नाही. तिथे तोच फरक जेमतेम २१ युनिटचा, म्हणजे २५० रुपयांचा. ९,००० रुपये वसूल व्हायला ३६ वर्षे लागतील. तोवर तो एसी भंगारात जाऊनही जमाना झालेला असेल.

म्हणजे फक्त अदलाबदल करायची आहे. जिमला दोन ५ स्टार घेतले तर १८,००० जास्त लागतात, सभागृहाला तीन ३ स्टार घेतले तर २७,००० वाचतात. खरेदीचे एकूण बिलच ९,००० रुपयांनी कमी होते आणि आठ वर्षांत विजेचे सुमारे ५७ हजार वाचतात ते वेगळे. कमी दराचा इतका आग्रह धरणाऱ्या समितीला हे दिसू नये याचे वाईट वाटते.

कोटेशनमधल्या स्टारची तारीखही पाहावी. स्टारचा तक्ता वेळोवेळी कडक होतो, त्यामुळे जुन्या तक्त्याचा ५ स्टार नव्या तक्त्यात खाली घसरतो. दुकानदार जुना साठा 'फाइव्ह स्टार' म्हणून खपवतात. लेबलवर कालावधी छापलेला असतो, आणि तारे मोजण्यापेक्षा आयएसईईआरचा (हंगामभरात लागणाऱ्या विजेच्या मानाने एसी किती थंडावा देतो, त्याचा) आकडा व वर्षाचे युनिट हेच बघावे.

क्षमतेचा विचार तर कोणी केलेलाच नाही. बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो, व्यायाम करणारा त्याच्या चार-पाच पट. एका वेळी दहा जण ट्रेडमिल आणि वजनांवर असले तर एक अख्खा दीड टनी एसी नुसत्या त्यांच्या अंगाच्या उष्णतेतच खर्ची पडतो. पश्चिमेची काच आणि सतत उघडा राहणारा दरवाजा हे वरून. जिमचे एसी कायम पूर्ण ताकदीने पळणार आहेत, म्हणून तिथे हलके मॉडेल चालणार नाही. दरवाजाला क्लोजर आणि काचेला फिल्म हे एसीच्या आधी करावे, त्याचा खर्च एसीच्या मानाने किरकोळ आहे.

टिकाऊपणाबद्दल विक्रेत्याने '१० वर्षे कॉम्प्रेसर वॉरंटी' मोठ्या अक्षरात दिली आहे आणि खजिनदारांनी तीच ओळ सभेत वाचून दाखवली. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसर सहसा आधी जात नाही, आधी जातो पीसीबी, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड. आपल्याकडे लाइट गेली की जनरेटर सुरू होताना आणि बंद होताना जो झटका बसतो, त्याने बोर्ड उडतात. वॉरंटीबाहेर नवा बोर्ड म्हणजे आठ-दहा हजारांचा फटका. त्यामुळे पीसीबीची वॉरंटी किती वर्षांची, ते लेखी घ्यावे. शिवाय घरगुती उपकरणांच्या अनेक वॉरंटी व्यावसायिक वापराला कमी होतात किंवा लागूच होत नाहीत. बिल सोसायटीच्या नावावर आणि वापर जिममध्ये, तर ती लागू राहील का, हे कंपनीच्या लेटरहेडवर मागावे. विक्रेत्याच्या तोंडी 'हो साहेब'ला उद्या काही किंमत राहणार नाही.

याहून गंभीर बाब आऊटडोअर युनिटच्या जागेची. नोटिशीसोबतच्या आकृतीत जिमची दोन्ही युनिट जिममागच्या डक्टमध्ये, एसटीपीच्या (सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेच्या) खोलीला लागून दाखवली आहेत. डक्ट तिन्ही बाजूंनी बंद आहे. युनिटने फेकलेली गरम हवा तिथेच घुमते आणि तीच पुन्हा कॉइलमध्ये ओढली जाते. मग प्रेशर चढते, वीज जास्त लागते आणि मे महिन्यात दुपारी मशिन ट्रिप होते. तेव्हा ५ स्टारचेही स्टार गळून पडतात. दुसरे, एसटीपीतून हायड्रोजन सल्फाइड निघतो. तो तांब्याला खातो. कॉइल काळी पडते, डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात आणि गॅस हळूहळू निघून जातो. जिमच्या सध्याच्या एसीत दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो तो यामुळेच. एसी गॅस खात नाही. ती बंद यंत्रणा आहे, गॅस कमी झाला म्हणजे गळती आहे. नायट्रोजन भरून, साबणाचा फेस लावून गळती शोधायची असते. आपला कंत्राटदार दरवर्षी नुसता गॅस भरून बिल लावतो आणि ती बिले विनातक्रार पास होतात. युनिट पूर्वेच्या भिंतीवर, समोर मोकळी जागा ठेवून लावावीत. पाइप तीन-चार मीटर वाढेल, वाढू द्या.

बसवतानाही कोणी जाणकार उभा असावा. पाइप जोडल्यावर व्हॅक्यूम पंप वीस-तीस मिनिटे तरी चालवून आतली हवा आणि दमटपणा काढायचा असतो. कामाच्या घाईत मिस्त्री थोडा गॅस सोडून हवा 'उडवतात'. ओलावा आत राहतो, तेल खराब होते आणि दोन-तीन वर्षांत कॉम्प्रेसर ओरडू लागतो. हल्लीच्या मॉडेलमधला आर-३२ गॅस थोडाफार ज्वलनशील आहे, तेव्हा असा गॅस मोकळा सोडणे धोक्याचेही आहे.

गीझरबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे प्रश्न पैशांचा नाही, जिवाचा आहे. काढून ठेवलेला जुना गीझर अजून पंपरूमच्या कोपऱ्यात पडला आहे. समितीने तो एकदा उघडून पाहावा. मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड बोटाएवढा जाड असतो, तिथे आता नुसती मधली तार उरली आहे. एलिमेंटवर क्षाराचा पांढरा थर इतका चढला आहे की स्क्रूड्रायव्हरने टोकरला तर खपल्या पडतात. टाकी फुटली ती तळाच्या वेल्डिंगला. अ‍ॅनोड असतो तोच मुळी टाकीऐवजी स्वतः झिजण्यासाठी. तो संपला की पाणी टाकीचे पोलाद खायला लागते. बोअर आणि टँकरच्या जड पाण्यात तो वर्षातून एकदा उघडून पाहावा लागतो आणि बदलायला काही शे रुपये लागतात. हे काम देखभाल करारात लिहिलेलेच नव्हते.

आणि सेफ्टी व्हॉल्व्ह. पाणी ठिबकते म्हणून कोणीतरी त्याच्या तोंडाला टेफ्लॉन गुंडाळून डमी (तोंड बंद करणारे बूच) मारली आहे, ती आजही जागेवर दिसते. पाणी तापले की फुगते आणि वाढलेला दाब बाहेर पडायला तेवढा एकच रस्ता असतो. तो बंद केला आणि थर्मोस्टॅट अडकला, तर टाकी फुटू शकते. अकरा मजल्यांवरच्या टाकीचे पाणी तळमजल्याला साडेतीन बारच्या (बार हे दाबाचे माप) आसपास दाबाने येते, कारण दर दहा मीटरला साधारण एक बार वाढतो. म्हणून नवा गीझर ८ बार क्षमतेचा, जड पाण्यासाठीच्या टाकीचा आणि सुटा अ‍ॅनोड बाजारात मिळणारा असावा. सर्वांत कमी दराच्या कोटेशनमध्ये बारचा आकडा नाही, अ‍ॅनोडचा उल्लेख नाही, फक्त 'प्रीमियम बॉडी' असे लिहिले आहे. स्टारचा फायदा गीझर दिवसरात्र चालू राहिला तरच ठळक दिसतो. आपल्याला सकाळ-संध्याकाळपुरते पाणी हवे, त्यासाठी टायमर बसवला की भागते. तिथे एखादा स्टार कमी चालेल, टाकी कमी प्रतीची चालणार नाही.

पंख्यांचा निर्णय सगळ्यांत सोपा होता आणि तोही चुकला. वॉचमन केबिनचा पंखा चोवीस तास चालतो. साधा पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी विजेवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मोटरचा) ३० च्या आसपास. दिवसाला एक युनिटहून जास्त वाचते, म्हणजे १३ रुपये. १,४०० रुपयांचा फरक साडेतीन महिन्यांत निघतो. फक्त जुन्या रेग्युलेटरवर तो लावू नये, बोर्ड जळतो. रेग्युलेटर काढून थेट जोडणी करावी. लॉबीतले पंखे मात्र क्वचित लागतात, तिथे साधे घेतले तरी हरकत नाही. कंडेन्सर आणि बेअरिंग बदलून ते वर्षानुवर्षे चालतात.

हे सर्व मी समितीला यापूर्वी कळवले होते. त्यावर मा. खजिनदारांनी लिफ्टमध्ये, इतर सभासदांसमोर, 'प्रत्येकाला इंजिनिअर व्हायचंय' असे उद्गार काढले. ते मी मनावर घेतलेले नाही. पण त्याच खजिनदारांच्या स्वतःच्या घरी तिन्ही खोल्यांत ५ स्टार एसी आणि बीएलडीसी पंखे आहेत, हे त्यांच्या मजल्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही सांगता येईल. स्वतःच्या पैशाला जी अक्कल लावतो ती सभासदांच्या पैशालाही लावावी, एवढीच अपेक्षा आहे. बी विंगमधील बहुतेक सभासदांचे, सी विंगमधील ज्येष्ठ नागरिकांचे आणि रोज जिमला येणाऱ्या मुलामुलींचे हेच मत आहे. उघड बोलून कोणाला वाईटपणा घ्यायचा नाही, म्हणून मी लिहितो आहे.

नियमांचे म्हणाल तर उपविधींत समितीच्या खर्चाच्या अधिकाराला मर्यादा आहे आणि त्यावरच्या खर्चाला सर्वसाधारण सभेची पूर्वमंजुरी लागते. सभेने मंजुरी दिली ती रकमेला, मॉडेलना नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार सभासदाला संस्थेची ठरावीक कागदपत्रे पाहण्याचा हक्क आहे. त्याच न्यायाने सर्व कोटेशने, मागील देखभाल करार आणि गॅस भरल्याची बिले पाहण्यासाठी रविवारी सकाळी ऑफिसात उपलब्ध ठेवावीत.

माझी विनंती अशी. खरेदीची ऑर्डर दोन आठवडे थांबवावी. प्रत्येक वस्तूपुढे किंमत, वर्षाचे युनिट, आपल्याकडचे अंदाजे तास, वॉरंटीच्या अटी आणि सुट्या भागांचा दर असा एका पानाचा तक्ता करून बोर्डावर लावावा. तक्ता मी करून देतो, मोबदला नको. त्यानंतरही समितीला सध्याचीच यादी घ्यायची असेल तर प्रत्येक मॉडेलपुढे निवडीचे कारण लिहून मा. खजिनदारांनी स्वतः सही करावी आणि तो कागद इतिवृत्ताला जोडावा. जुन्या गीझरच्या व्हॉल्व्हला डमी कोणी मारली त्याची चौकशी करून नोंद घ्यावी, आणि तो गीझर तोवर भंगारवाल्याला देऊ नये.

कळावे,

आपला,
एक सभासद,
बी विंग, चौथा मजला

प्रत: १) मा. सचिव, २) मा. खजिनदार, ३) तिन्ही विंगचे नोटीस बोर्ड