सिस्टर, शेवटचं पाणी कसं द्यावं ते तुम्ही शिकवलंत

सिस्टर,

सप्रेम जय ख्रिस्त.

जालना-अंबडकडच्या खेड्यांतून कॅन्सरच्या शेवटच्या दिवसांतल्या माणसांची घरी सेवा करणारे आम्ही सगळे तुमचे ऋणी आहोत. प्रार्थना आम्हाला येत होती, पण कळवळणाऱ्या माणसाला ती ऐकूच जात नाही, हे तुम्ही ध्यानात आणून दिलंत.

‘दुःख सोसणं हाच क्रूस’ म्हणून गोळी नाकारणाऱ्या घरांत तुम्ही वाद घातला नाहीत. वेदना शमवायला औषध घेण्याची मोकळीक पोप बारावे पायस यांनी १९५७ सालीच दिली आहे, एवढंच सांगितलंत. डॉक्टरांनी लिहून दिलेलं तोंडी मॉर्फिन दर चार तासांनी, घड्याळ लावून द्यायचं. दुखायची वाट पाहिली की वेदना पुढे आणि औषध मागे राहतं. ब्रिटिश डॉक्टर सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या माणसांची सेवा करणारं घर, उघडलं, तिथली रीतही हीच. सोबत पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याची गोळी. ती विसरली की पोट गच्च होतं आणि घरचे मॉर्फिनच बंद करतात; सगळ्यात जास्त इथेच बिघडतं. फादरांना बोलवायचं तेही डोसनंतर अर्ध्या-पाऊण तासानं, म्हणजे आजारी माणूस स्वतः ‘आमेन’ म्हणू शकतो.

फादर आले म्हणजे संपलं, ही भीती आपल्याकडे फार. म्हणून बोलावणं उशिरा जातं. कपाळाला आणि हातांना पवित्र तेल लावण्याचा संस्कार जिवंत माणसासाठी आहे, तो शुद्धीत असतानाच व्हावा. गिळता येत असेल तर कम्युनियनचा (पवित्र भाकरीचा) बारीक तुकडा चमचाभर पाण्यासोबत द्यावा; ठसका लागत असेल तर आग्रह नको.

आणि ते शेवटचं पाणी! माया म्हणून चमच्यानं ओतलेलं पाणी अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या श्वासनलिकेत उतरतं. त्यापेक्षा स्वच्छ फडकं भिजवून, घट्ट पिळून ओठ आणि जीभ ओली करायची, उन्हाळ्यात तर तासातासाला. घरघर लागली की कुशीवर वळवायचं. ऐकू येतंय असं धरून बायबलमधलं तेविसावं स्तोत्र कानाशी, हळू म्हणायचं.

तुम्ही लिहून दिलेली डोसच्या वेळांची वही आता प्रत्येक घरात उशाशी असते. नवीन येणाऱ्या मुलींना आम्ही आधी तीच वाचायला देतो.

तुमचे,
घरोघरी सेवेला जाणारे सगळे