सरसकट साडेतीन तारे आणि चांगल्या मराठी चित्रपटाचे नुकसान

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत येणारी मराठी चित्रपटांची परीक्षणे मी अनेक वर्षे न चुकता वाचत आलो आहे आणि चित्रपटगृहात जाऊन काय पाहायचे हे आमच्या घरी आजही बहुतेक वेळा त्यांवरूनच ठरते. गेल्या काही काळातील परीक्षणांविषयी मात्र मोकळेपणाने लिहावेसे वाटते. अलीकडे प्रदर्शित झालेल्या जवळजवळ प्रत्येक मराठी चित्रपटाला आपले समीक्षक तीन किंवा साडेतीन तारे देतात. विषय कौटुंबिक असो की ऐतिहासिक, दिग्दर्शक पहिलटकर असो की मुरलेला, ताऱ्यांत फरक पडला तर अर्ध्याचा पडतो. समीक्षक अभ्यासू आहेत, जुन्या चित्रपटांवरची त्यांची कात्रणे मी जपून ठेवली आहेत आणि त्यांच्या औदार्यामागे काही देवघेव असेल असा संशय माझ्या मनाला शिवलेलाही नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की या औदार्याची किंमत शेवटी चांगल्या मराठी चित्रपटालाच मोजावी लागते.

हे औदार्य कुठून येते ते समजण्यासारखे आहे. मराठी चित्रपटाला मल्टिप्लेक्समध्ये मिळतात ते खेळ बहुधा आडवेळचे, सकाळी दहाचे नाहीतर रात्री उशिराचे. सोयीच्या वेळेचे खेळ मिळावेत म्हणून २०१५ साली राज्य शासनाला लक्ष घालावे लागले, तरी ओरड संपलेली नाही. शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांत गर्दी झाली नाही तर सोमवारी चित्रपट उतरवला जातो. अशा वेळी, आधीच अडचणीत असलेल्या निर्मात्याला आपल्या लेखणीचा आणखी एक फटका कशाला, असे एखाद्या सहृदय माणसाला वाटले तर त्यात वाईट काही नाही. शिवाय मराठी चित्रसृष्टी लहान आहे. ज्याच्यावर लिहायचे तो दिग्दर्शक पुढच्या महिन्यात एखाद्या महोत्सवात शेजारच्या खुर्चीत बसलेला असतो. हे सगळे मान्य करूनही प्रश्न उरतोच.

१२ सप्टेंबर २०२५ या एका दिवशी 'दशावतार', 'आरपार' आणि 'बिन लग्नाची गोष्ट' असे तीन मराठी चित्रपट प्रदर्शित झाले आणि पुढच्याच शुक्रवारी 'साबर बोंडं' आला. आठवडाभरात चार चित्रपट, आणि चौघांचा पिंड वेगळा. 'दशावतार'मध्ये कोकणातल्या वृद्ध दशावतारी कलावंताच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकरांना पाहण्याची ओढ वेगळी आणि 'साबर बोंडं'मधल्या, वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेल्या तरुणाची, त्याच्या बालमित्राशी जुळत जाणाऱ्या नात्याची हळुवार गोष्ट पाहण्यासाठी लागणारी मनाची तयारी वेगळी. यांतल्या 'साबर बोंडं'ला त्याच वर्षी अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळाले होते. मध्यमवर्गीय कुटुंबाला तिकिटे, मध्यंतरातले खाणे आणि जाण्यायेण्याचा खर्च धरून महिन्यात एखादाच चित्रपट परवडतो. अशा आठवड्यात वाचक समीक्षकाकडे वळतो तो निवड करण्यासाठी. त्या वेळी सगळ्यांसमोर सारखेच तारे असतील, तर वाचक ओळखीच्या चेहऱ्याचा किंवा दूरचित्रवाणीवर जास्त जाहिरात झालेला चित्रपट निवडणार, हे उघड आहे. ज्याच्याकडे मोठा नट आहे, गाणी आधीच मोबाईलवर फिरत आहेत, त्याला समीक्षकाची गरज थोडी. ज्याच्याकडे यांतले काहीच नाही त्याच्यासाठी मात्र परीक्षण हाच काय तो आधार असतो, आणि नेमका तोच आधार सरसकट वाटपात बोथट होऊन जातो.

ताऱ्यांइतकीच काळजी मला मजकुराचीही वाटते. कथानक सांगण्यात निम्मी जागा जाते आणि मग ठरलेली वाक्ये येतात: छायाचित्रण नेत्रसुखद आहे, संगीत श्रवणीय आहे, उत्तरार्धात पटकथा थोडी रेंगाळते, तरीही सहकुटुंब एकदा पाहायला हरकत नाही. ही वाक्ये कोणत्याही चित्रपटाला चालतात, म्हणून ती कोणत्याच चित्रपटाविषयी काही सांगत नाहीत.

मार्च २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'स्थळ'चे उदाहरण घ्यावे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, बहुतांशी तिथल्याच माणसांना घेऊन जयंत सोमलकर यांनी तो केला. सुरुवातीलाच मुलगा पाहण्याचा कार्यक्रम दिसतो, बायका समोर बसून मुलाला प्रश्न विचारतात, आणि मग कळते की हे नायिका सविताचे स्वप्न होते. प्रत्यक्षात प्रत्येक वेळी तिलाच सगळ्यांसमोर बसावे लागते आणि नाव, शिक्षण, उंची, आवडनिवड हे तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकावे लागतात. यावर 'प्रसंगांची पुनरावृत्ती जाणवते' असे लिहून मोकळे होता येते. पण ती पुनरावृत्ती हीच त्या चित्रपटाची रचना आहे. दुसऱ्या वेळी हसणारा प्रेक्षक पुढच्या खेपेला का अवघडतो, मुलीच्या बसण्यात, नजरेत दर वेळी काय बदलते, बापाच्या कापसाच्या भावाचा आणि तिच्या लग्नाचा हिशेब एकमेकांत कसा अडकतो, हे समीक्षकाने दाखवून दिले असते तर बिगरनटांच्या वैदर्भी चित्रपटाला जायला कचरणारा पुण्या-कोल्हापुरातला वाचकही कुतूहलाने गेला असता. 'कोर्ट' या मराठी चित्रपटात न्यायालयाला सुट्टी लागते, दालन रिकामे होते, दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो आणि चित्रपट संपला असे वाटत असतानाच तो न्यायाधीशांच्या सहलीकडे वळतो. 'गती संथ आहे' एवढ्याने त्या जागेचे काय कळणार? निवाडा करणारा माणूस घरच्यांत, मित्रांत कसा बोलतो हे पाहिल्यावर आधीची सगळी सुनावणी वेगळी ऐकू येऊ लागते. हे लिहायला चारच ओळी लागतात, पण त्या चार ओळींसाठी चित्रपट नीट पाहावा लागतो. आपले समीक्षक तसा पाहू शकतात, याची मला खात्री आहे.

वृत्तपत्रांत चित्रपटाला तारे देण्याची पद्धत न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज'मध्ये आयरीन थायरर यांनी १९२८ साली सुरू केली आणि पहिल्या चित्रपटाला त्यांनी एकच तारा दिला होता, हे या निमित्ताने नमूद करावेसे वाटते. औदार्याचाच विषय आहे तर 'शिकागो सन-टाइम्स'मध्ये १९६७ पासून २०१३ मधील निधनापर्यंत लिहिणारे रॉजर ईबर्ट यांची आठवण होणे साहजिक आहे. समीक्षेसाठी पुलित्झर हे अमेरिकेतले मानाचे पारितोषिक मिळवणारे ते पहिले चित्रपट समीक्षक, आणि हात सढळ असल्याबद्दल त्यांच्यावर टीकाही होत असे. आपले तारे तुलनात्मक आहेत, भयपट भयपटांच्या रांगेत आणि विनोदी चित्रपट विनोदी चित्रपटांच्या रांगेत तोलायचा, अशी त्यांची भूमिका होती व ती त्यांनी वाचकांना समजावून सांगितली होती. याच माणसाने न आवडलेल्या चित्रपटांना शून्य तारेही दिले आणि का दिले ते सविस्तर लिहिले. शिकागोतल्या दोन कृष्णवर्णीय शाळकरी बास्केटबॉलपटूंवरचा जवळपास तीन तासांचा माहितीपट 'हूप ड्रीम्स' १९९४ मध्ये आला, तेव्हा त्याला वितरकही मिळालेला नसताना ईबर्ट आणि त्यांचे सहकारी जीन सिस्केल यांनी आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातून त्याची बाजू घेतली. १९९९ पासून तर दुर्लक्षित राहिलेल्या चित्रपटांसाठी त्यांनी स्वतंत्र महोत्सवच भरवला. औदार्य असे निवडक असले की त्याला वजन येते. ज्या समीक्षकाचे 'नाही' वाचकाला ठाऊक असते, त्याच्या 'होय'वर वाचक विश्वासाने तिकीट काढतो.

आपल्याकडे ही परंपरा नवी नाही. नाटकांच्या क्षेत्रात समीक्षक माधव मनोहरांनी नाटकाचे परदेशी मूळ उघड करताना कुणाची भीड ठेवली नाही आणि कमलाकर नाडकर्णींच्या परीक्षणाची नाटकवाले धास्ती घेत असत. मराठी रंगभूमी त्यामुळे खचली नाही. उलट प्रेक्षक भांडण्यासाठी का होईना, नाटकाला जात राहिला. चित्रपटाच्या वाट्याला असा धाक आणि असा जिव्हाळा एकत्र क्वचितच आला, याची मला मनापासून खंत वाटते.

आणखी एक परिणाम आमच्या परिसरात रोज दिसतो. साडेतीन ताऱ्यांवर विश्वास ठेवून गेलेला प्रेक्षक दोनदा निराश झाला की तिसऱ्या वेळी म्हणतो, 'घरी बसूनच बघू, येईल दोन महिन्यांत ओटीटीवर.' तो तिसरा चित्रपट खरोखर चांगला असला तरी त्याला हा प्रेक्षक गमवावा लागतो. मराठी चित्रपटाला सांभाळून घेण्याच्या भावनेतून दिलेले तारे अशा रीतीने मराठी चित्रपटाच्याच मुळावर येतात.

माझी आपल्याला विनंती अशी आहे की निदान मराठी चित्रपटांपुरते तारे सहा महिने बाजूला ठेवून पाहावेत. ते शक्य नसेल तर एकपासून पाचपर्यंतची पूर्ण श्रेणी वापरली जावी आणि समीक्षक कोणत्या निकषावर तारे देतात ते एकदा वाचकांना सांगितले जावे. परीक्षणातील कथानकाची जागा कमी करून एखाद्या प्रसंगाच्या, अभिनयाच्या किंवा ध्वनियोजनेच्या बारकाव्याला ती द्यावी. आणि दुसऱ्या आठवड्यातही एखाद्या चित्रपटगृहात टिकून राहिलेल्या चांगल्या चित्रपटावर, तो कुठे व किती वाजता चालू आहे या माहितीसह, पुन्हा दोन परिच्छेद छापावेत. शुक्रवारी चुकलेला चित्रपट गाठण्याची संधी त्यामुळे आम्हा वाचकांना मिळेल.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, कोल्हापूर