मृगाच्या आधी झाडांसाठी हात आणि मदत हवी आहे

सर्व रहिवाशांना सप्रेम नमस्कार.

आपल्या वसाहतीच्या मधल्या रस्त्यावरचे पर्जन्यवृक्ष या उन्हाळ्यात एकदा मान वर करून बघा. बागेकडच्या टोकाच्या झाडांचे शेंडे वाळू लागले आहेत. खाली लावलेल्या गाड्यांच्या काचांवर रोज चिकट थर बसतो आणि तो पुसता पुसता अनेकांनी आमच्याकडे तक्रारही केली आहे. झाडाला पिठ्या ढेकूण लागला आहे, त्याची ही खूण. कोवळ्या फांद्यांच्या बेचक्यात कापूस चिकटल्यासारखा दिसतो तोच हा किडा. तो फांदीतला रस शोषतो आणि गोड चिकटा बाहेर टाकतो. त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते, पाने काजळतात आणि झाडाला अन्न तयार करता येईनासे होते. मुंबईत गेल्या दशकात रस्त्याकडेचे कितीतरी मोठे पर्जन्यवृक्ष या किडीने वाळून गेले. आपल्याकडची झाडे अजून हातची गेलेली नाहीत, म्हणून आत्ताच हे आवाहन करत आहोत.

दर पावसाळ्यात वसाहतीत नवी रोपे लावायला उत्साहाने माणसे येतात, देणग्याही येतात. चाळीस-पन्नास वर्षे सावली देणाऱ्या झाडांसाठी मात्र वर्षाच्या हिशेबात पैच नसते. यंदा आम्हाला ते बदलायचे आहे. एका झाडाच्या वर्षभराच्या देखभालीसाठी 600 रुपये, या हिशेबाने प्रत्येक कुटुंबाने निदान एका झाडाचा भार उचलावा, अशी विनंती आहे. कुणाला अर्धाच जमला तर शेजारच्या घराबरोबर मिळून द्या.

पैसे कशाला लागतात तेही सांगतो. सर्वात मोठा खर्च उंचावर काम करणाऱ्या माणसांचा आणि शिडीच्या गाडीचा आहे. सुकलेल्या आणि किडक्या फांद्या मृग लागायच्या आत उतरल्या पाहिजेत, नाहीतर पहिल्याच वाऱ्यात त्या कुणाच्या तरी डोक्यावर येतील. छाटणीसाठी 1975 च्या झाडे संरक्षण व जतन अधिनियमाप्रमाणे पालिकेकडे अर्ज केला आहे. परवानगी हातात आल्याशिवाय कुणीही परस्पर कोयता चालवू नये. यंदा छाटणी आमच्या देखरेखीखाली होईल. जड फांदीला आधी खालून अर्धवट काप, मग थोडे पुढे सरकून वरून, आणि उरलेला खुंट शेवटी, फांदीच्या मुळाशी असलेला फुगीर कंगोरा न दुखावता. असे केले तर साल सोलवटत नाही आणि जखम भरून येते. मागे एका ठेकेदाराने गुलमोहराच्या फांद्या वरूनच तोडल्या तेव्हा खोडाची साल हातभर फाटत खाली आली होती. त्या जागी आज अळंबी उगवली आहे. बुंध्यावर अळंबी दिसली की आत लाकूड कुजत असल्याची शंका घ्यावी, आणि गुलमोहरासारख्या उथळ मुळांच्या झाडाची तर तातडीने तपासणी करून घ्यावी.

कापलेल्या जागी आणि बुंध्याला लावायचा बोर्डो मलम, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा बुरशी रोखणारा लेप, आपण इथेच तयार करणार आहोत. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवून मग एकत्र ढवळायचे, धातूचे भांडे अजिबात नको. तयार मलमात लोखंडी खिळा थोडा वेळ बुडवून ठेवायचा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून आणखी घालायचा. मलम त्याच दिवशी संपवावा लागतो, म्हणूनच या कामाला एकाच सकाळी बरेच हात लागतात. नुसता गेरू-चुन्याचा पट्टा दिसायला छान, पण बुरशीवर त्याचा भरवसा धरता येत नाही.

पिठ्या ढेकणासाठी आधी जोरदार पाण्याने फांद्या धुऊन काढू. मग निंबोळी तेल फवारू, आणि दमट हवा सुरू झाली की संध्याकाळच्या वेळी व्हर्टिसिलियम लेकॅनी, म्हणजे किडीवरच वाढणारी बुरशी, फवारू. कडक रासायनिक औषध आम्ही टाळणार आहोत. पिठ्या ढेकूण खाणारे भुंगेरे त्याने आधी मरतात आणि खाली तर मुले खेळतात. मुंग्या चिकट्याच्या लोभाने या किडीची राखण करतात, म्हणून खोडाला प्लास्टिकची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावायचे आहे. थेट सालीवर नाही.

इथे तुमच्या गॅलरीचाही संबंध येतो. जास्वंदीवर ही कीड हमखास असते आणि तिथून सगळीकडे पसरते. किडके शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवा, खाली बागेत टाकू नका. तगरीवर मात्र डोळ्यांसारखे ठिपके असलेली जाडजूड हिरवी अळी दिसली तर तिला राहू द्या. ती थोडी पाने खाईल आणि तिचा हिरवा, देखणा पतंग होईल. तगर पुन्हा फुटते.

आणखी एक काम पैशांचे नाही, ताकदीचे आहे. बऱ्याच झाडांच्या खोडाला पेव्हर ब्लॉक अगदी भिडले आहेत, त्यामुळे मुळांना ना पाणी मिळते ना हवा. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले होते. आपणही तेवढे मोकळे करू, आळी करू आणि त्यात पालापाचोळा भरू. तो जाळू नका, पोत्यात भरून ठेवा. खोडांवरचे जाहिरातींचे खिळे आणि दिव्यांच्या माळांच्या आवळलेल्या तारा त्याच वेळी काढू. आंब्यावरचे बांडगूळही फळ धरायच्या आत उतरवायचे आहे, नाहीतर पक्षी त्याचे बी शेजारच्या झाडांवर नेतात.

मे महिन्यातल्या प्रत्येक रविवारी सकाळी 7 ते 10 या वेळात बागेच्या फाटकापाशी जमूया. पूर्ण बाह्यांचा सदरा, बंद बूट आणि असले तर हातमोजे घालून या. ज्येष्ठांनी झाडांची नोंदवही सांभाळावी, कुठल्या झाडाला काय झाले आहे हे त्यांच्याइतके कुणाला माहीत नाही. रिकामी पोती, प्लास्टिकचे पिंप आणि जुन्या बादल्याही हव्या आहेत.

देणगी वसाहतीच्या कार्यालयात द्यावी, पावती लगेच मिळेल. जमाखर्च दर महिन्याला सूचना फलकावर लावू. फवारणीची तारीख आदल्या दिवशी फलकावर येईल. त्या दिवशी मधल्या रस्त्यावरच्या गाड्या कृपया मागच्या मैदानात लावा आणि कपडे आत वाळत घाला.

आपली,
वसाहत वृक्ष समिती