‘नको’ हे बटणही सरळ असावे

महोदय,

ईमेलने नियमित पत्रे पाठवण्यासाठी वाचकाचा पत्ता मागणाऱ्या, संकेतस्थळावर मध्येच उघडणाऱ्या दोन बटणांच्या चौकटीविषयी लिहीत आहे. ईमेलचा रिकामा रकाना थेट पुढे करण्याऐवजी आधी ‘हो, हवे आहे’ की ‘नको’ एवढेच विचारायचे आणि ‘हो’ दाबणाऱ्यालाच रकाना दाखवायचा, ही पद्धत मुळात चांगली आहे. कारण एकदा स्वतःहून होकार दिलेला माणूस सहसा अर्ध्यावर सोडत नाही.

बिघडते ते ‘नको’च्या बटणावर. ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’ असे वाक्य वाचकाच्या तोंडी घालणे म्हणजे टोमणा मारून सही घेणे होय. (अशी वाक्ये मीही पूर्वी लिहिली आहेत, हे कबूल करतो.) कित्येकदा नकाराची अक्षरे इतकी बारीक आणि फिकट असतात की मोबाइलवर बोट हटकून ‘हो’वरच पडते. अशाने ईमेल-पत्त्यांची यादी फुगते खरी, पण त्यांतले अनेक जण पहिलेच पत्र ‘स्पॅम’ ठरवतात आणि अशा तक्रारी वाढल्या की खऱ्या इच्छुकांनाही पत्रे मिळेनाशी होतात.

गूगल शोधातून आलेल्या वाचकापुढे मोबाइलवर मजकूर झाकणारी चौकट उभी राहिल्यास शोध-निकालांतील पानाचा क्रम घसरू शकतो, असा निकष गूगलने जानेवारी २०१७ पासून लावला आहे. तेव्हा निम्मा मजकूर वाचून झाल्यावरच चौकट दाखवावी, ईमेलवर पाठवलेला पुष्टीचा दुवा उघडणाऱ्यालाच यादीत घ्यावे आणि ‘नको’ म्हणणाऱ्याला निदान महिनाभर पुन्हा विचारू नये.

आपला,
एक वाचक